उन्हाळ्याची यादी

फाल्गुन लागला की आमच्या घरात दोन याद्या तयार होतात. एक सौभाग्यवतींची. तीत कुरडयांचा गहू, पापडांचे उडीद, शेवया, सांडगे, आणि यंदा कोणत्या शेजारणीकडे आपण आधी जायचे नि कोणती आपल्याकडे येणार याचा पक्का हिशेब असतो. दुसरी यादी माझी. तीत उन्हाळ्याच्या सुटीत वाचायच्या पुस्तकांची नावे असतात. पहिली यादी मृगाच्या आत डब्यांत भरून फळीवर जाऊन बसलेली असते. दुसरीचे काय होते ते सहसा कोणी मला विचारीत नाही, आणि मीही आपणहून सांगत नाही.

या यादीचा मला फार जुना नाद आहे. मी चित्रकलेचा शिक्षक असल्यामुळे ती साध्या कागदावर उतरत नाही. तिला ड्रॉइंग पेपर लागतो, बोरूचे अक्षर लागते, चारही बाजूंनी वेलबुट्टी लागते. समासात एखादा आंबा, एखादा माठ. दोन संध्याकाळी त्यातच जातात. आमची कन्या आता नववीत आहे. गेल्या खेपेला ती कागदाकडे बघून म्हणाली, "बाबा, यादीला दहापैकी दहा. पुस्तकांना किती?"

मुलांनी असे प्रश्न विचारू नयेत. यादी करणाऱ्याला मार्च महिन्यात अशी खात्री असते की मे महिन्यात आपण निराळेच कोणी होणार आहोत. तो निराळा माणूस पहाटे उठणार, दुपारी झोपणार नाही, लग्नांच्या पंगती टाळणार आणि प्रदर्शनातून आणून तसेच ठेवलेले आठशे पानांचे बाड दहा दिवसांत संपवणार. माझ्या यादीत अशी दोनतीन बाडे कायमची आहेत. ती दर वर्षी एकेक घर वर सरकतात, एवढेच. त्याखाली स्नेह्यांच्या कादंबऱ्या असतात, ज्या वाचल्या नाहीत तर रस्त्यात समोरासमोर येण्याची चोरी होते. त्याखाली जगाने वाचलेली आणि आपण वाचल्यासारखी मान हलवलेली. शेवटी दोन ओळी कोऱ्या ठेवतो. वाटेत एखादे अवचित भेटलेच तर त्याला बसायला जागा हवी.

यंदाची यादी एकवीस पुस्तकांची झाली. नेहमीपेक्षा जरा अधिक देखणीच झाली म्हणा ना. कारण ती लिहीत होतो तेव्हा मला आतून पुरते ठाऊक होते की मागल्या दसऱ्यापासून मी एकही पुस्तक शेवटापर्यंत नेलेले नाही.

अन्नावरची वासना उडते म्हणतात ना, तसे झाले होते. ताट समोर आहे, भूक लागायची वेळ झाली आहे, रांधणाऱ्याच्या हाताला चव आहे हेही माहीत आहे; पण घास तोंडात फिरतो, आत जात नाही. पुस्तक उघडावे, पहिले पान बरे जाते. दुसरे, तिसरे. सातव्या पानाशी आलो की लक्षात येते, मागची सहा कुठे गेली? डोळे ओळींवरून फिरले होते खरे, पण एस. टी.च्या खिडकीतून बाभळी मागे जाव्यात तशी अक्षरे मागे गेली. एकही आपल्याबरोबर आलेले नाही. मग पुन्हा पहिल्या पानापासून. असे चारदा झाले की माणूस पुस्तक उशाशी ठेवतो आणि छताकडे बघतो. आमच्या छताचे मी त्या काळात चांगलेच वाचन केले.

उपाय पुष्कळांनी सांगितले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर पावने वाढवून दिला. त्याने छत अधिक स्वच्छ दिसू लागले. शेवगावच्या एका मित्राने रहस्यकथा पाठवल्या. खून झाला, पण कोणाचा झाला ते मी दुसऱ्या दिवशी विसरलो. कन्येने फोनवर पुस्तक ऐकण्याची सोय करून दिली. गाडी घाटाला लागण्याआधीच मला झोप लागली. सगळा दोष त्या फोनचाच, असे एका सहकाऱ्याचे ठाम मत पडले. म्हणून तो आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिला. वाचन काही आले नाही. फोनला मात्र आंबेमोहोराचा वास लागला. सगळ्यांत शहाणपणाचे बोलल्या त्या सौभाग्यवती. "अहो, वासना नसेल तर उपास करावा. बळे कशाला खाता?"

उपासाचा सल्ला मला झेपण्यासारखा नव्हता. त्याचे कारण थोडे खाजगी आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. दहावीला आमच्याकडची जुनी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि मलाही तो शब्द आवडतो. पुढे चित्रकलेची पदविका घेतली ती पोटापुरती. बाकी जे काही थोडेफार कळते ते पुस्तकांनी उसने दिलेले. माझ्या तीन कादंबऱ्या निघाल्या, त्याही त्या उसनवारीच्या बळावर. पदवी घेतलेल्या माणसाचे वाचन बंद पडले तर त्याची पदवी भिंतीवर टांगलेली राहते. माझे बंद पडले तर भिंतीवर खिळाच राहणार. शिवाय चौथ्या कादंबरीची नव्वद पाने टेबलावर पडून होती आणि एक्क्याण्णवावे निघत नव्हते. विहिरीत झरा यायचा थांबला की मोटेला दोष देऊन काय उपयोग?

मला स्वतःला एक संशय होता. गवंड्याला दुसऱ्याच्या घरी पाहुणचाराला नेले तर तो यजमानाशी बोलता बोलता गिलाव्याकडे बघतो, ओळंबा चुकला आहे का पाहतो. तिसरी कादंबरी लिहून झाल्यापासून मीही दुसऱ्याच्या पुस्तकात शिरलो की तेच करतो. इथे हा अडला असेल. हे पात्र केवळ निरोप सांगायला आणले आहे. इथे पाऊस पाडला आहे कारण दुसरे काही सुचले नाही. असे वाचणारा पाहुणा कोणाला आवडेल? पण हे निदान पुरे पडेना, कारण मला इतिहासही वाचवत नव्हता, प्रवासवर्णनेही नाहीत, आणि रविवारच्या पुरवण्या तर सोडाच.

या सगळ्यात शाळेतल्या फळ्याने माझी चांगलीच फजिती मांडली. १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून आपल्या राज्यात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी दर्शनी फळ्यावर रंगीत खडूंनी "वाचाल तर वाचाल" हे लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे. दर वर्षी लिहितो. गेल्या वर्षी दुसऱ्या 'वाचाल'ला छाया देताना खडू जरा थांबला. मराठी भाषा मोठी खट्याळ आहे. एकाच शब्दात तिने अट घातली आणि धमकीही दिली.

असो. तर यादी घेऊन चैत्रातल्या एका शनिवारी मी नगरला निघालो. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, कागदोपत्री आता तेच चालते. आम्ही पाथर्डीकडची माणसे मात्र निघताना अजून "नगरला जातो" एवढेच म्हणतो. तिसगाव मागे पडते, करंजीचा घाट लागतो, डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसू लागतो. खरे तर ती सलाबतखानाची कबर, पण लोकांनी तिला महाल करून टाकले आणि चांदबिबीला बहाल केले. मग भिंगार, आणि भिंगारपाशी भुईकोट किल्ला.

या किल्ल्यासमोरून मी शेकडो वेळा गेलो आहे. त्या दिवशी मात्र मनात आले, अरे, उन्हाळ्याच्या वाचनाची सर्वांत मोठी सुटी या जिल्ह्यात कोणाला मिळाली असेल तर ती इथल्या बारा जणांना! ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेली काँग्रेसची कार्यकारिणी या किल्ल्यात आणून ठेवली. नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, आपले शंकरराव देव, आणि इतर. न्यायालय नाही, शिक्षेची मुदत नाही, सुरुवातीला तर वर्तमानपत्रही नाही. वाचायला वेळच वेळ. माणसेही अशी की ज्यांच्या एकेकाच्या डोक्यात एकेक ग्रंथालय. माझ्यासारख्या यादीबहाद्दराला वाटावे की पहिल्या सकाळीच त्यांनी पुस्तके उघडली असतील.

नेहरूंनी काय केले? त्यांनी कुदळ घेतली. किल्ल्यातली ती जमीन दगडगोट्यांची, जुन्या पडझडीच्या राडारोड्याने भरलेली. ती उन्हातान्हात खणून त्यांनी फुलांचे वाफे केले. वाचन चालू होते, नाही असे नाही. पण जे पुस्तक पुढे त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले, ते 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया', त्याला हात घातला तो १९४४ च्या एप्रिलात. म्हणजे आत आल्यावर वीस महिने उलटून गेल्यावर. मग एकदा झरा लागला तेव्हा पाच महिन्यांत हजारभर हस्तलिखित पाने झाली. त्या वीस महिन्यांत त्यांना कोणी विचारले असेल का, "पंडितजी, यादीला दहापैकी दहा, पुस्तकाला किती?" तिथे नववीतल्या मुली नव्हत्या हे त्यांचे भाग्य.

पण मला त्या दिवशी नेहरूंपेक्षा मौलाना अधिक आठवत राहिले. त्यांची 'गुबारे खातिर' ही पत्रे याच किल्ल्यात लिहिलेली. आपल्या एका स्नेह्याला लिहिलेली, आणि टपालात न टाकता येणारी. १९४६ साली ती पुस्तकरूपाने निघाली. त्यांची देवनागरीतली एक प्रत मी बऱ्याच वर्षांपूर्वी शब्दकोश जवळ घेऊन वाचली होती. पहाटे तीनचारला उठणे, स्वतःच्या हाताने चिनी चहा करणे, त्या चहात दूध घालणाऱ्या जगाविषयी मनापासून हळहळणे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी युद्ध आणि मग तह. हे सारे इतके खुसखुशीत की आपण तुरुंगातली पत्रे वाचतो आहोत याचा विसर पडावा.

आणि मग १९४३ चा एप्रिल येतो. कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम अत्यवस्थ झाल्या. सरकारकडे आपण कसलीही विनंती करायची नाही, हे मौलानांनी ठरवले होते. रोजचा क्रम त्यांनी मोडू दिला नाही. तेच उठणे, तोच चहा, त्याच वेळी टेबल, त्याच वेळी जेवणाच्या पंक्तीत येऊन बसणे. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळू नये. ९ एप्रिलला त्या गेल्या. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात मौलानांनी कबूल केले आहे की ते सारे शांतपण वठवलेले होते. आतून माणूस ढासळत होता. किल्ल्यातल्या त्या आवारात कोणाची तरी एक जुनी कबर होती. कोणाची ते त्यांना ठाऊक नव्हते. येताजाता ती दिसे, पण आता तिच्याकडे पाहताना निराळेच वाटू लागले, असे त्यांनी लिहिले आहे.

माझ्यावर तसा काहीही प्रसंग आलेला नव्हता. माझी व्यथा म्हणजे सुखवस्तू माणसाची अरुची. दोन्हींची तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण एक गोष्ट मनाशी धरली. टेबलाशी बसायच्या वेळी टेबलाशी बसायचे. मन आले तर त्याच्यासह, नाही तर त्याच्यावाचून. वठवायचे.

बस माळीवाड्याला थांबली आणि मी जिल्हा वाचनालयात गेलो. १८३८ साली स्थापन झालेली ही संस्था; रेल्वे देशात यायच्या पंधरा वर्षे आधी नगरला सार्वजनिक वाचनालय होते, हे पाहुण्यांना सांगताना माझी छाती उगीचच फुगते. तिथल्या काउंटरवर मी ती वेलबुट्टीची यादी ठेवली. काउंटरमागच्या गृहस्थांनी ती दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरली, कौतुकाने पाहिली, आणि यादीतली कोणती पुस्तके बाहेर गेली आहेत, कोणती बांधणीला आहेत ते शांतपणे सांगितले. "बाकीची आणू?" त्यांनी विचारले. मला एकदम त्या बाकीच्यांची धास्ती वाटली. मी म्हटले, "सध्या 'स्मृतिचित्रे' द्या." ते यादीत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता आणून दिले.

लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र मी किती वेळा वाचले ते मोजलेले नाही. १९३४ पासून भागाभागाने निघालेले हे पुस्तक नगरकरांना घरचे वाटते. रेव्हरंड टिळकांचा आणि त्यांचा संसार नगरला, राहुरीला झाला. आणि ज्या बाईने हे लिहिले तिची अक्षरओळख लग्नानंतरची! शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने असे लिहावे हे मॅट्रिकवाल्याला फार धीर देणारे आहे. अन्नावरची वासना उडाली की घरी मऊ भात करतात. मी मऊ भात मागून घेतला, एवढेच.

तोही सातव्या पानाशी अडकला.

आता पुढची गोष्ट सांगायची म्हणजे आमच्या भागाविषयी थोडे सांगायला हवे. नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, आणि तो एक जिल्हा नसून दोन आहेत. उत्तरेला प्रवरा, गोदावरी, कालवे आणि ऊस. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखान्याची धुरांडी पेटली आणि पुढे राज्यभर त्याचा कित्ता गिरवला गेला. दक्षिणेला आम्ही. आमच्याकडे ऊस होत नाही, ऊस तोडणारे होतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमांच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. त्यांची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते. ती फेडायला कुटुंब गाडीत बसते, आणि पोरेही बसतात. पाडव्याच्या आगेमागे ती परत येतात. वर्गात बाकावर बसतात, पण दिवाळीला मिटलेले पुस्तक उघडायचे म्हणजे मधली पाच महिन्यांची पाने कोणी तरी फाडून नेलेली असतात.

शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडे आहे. ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटे, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या पडवीत. दर मे महिन्यात साठ्याची पडताळणी करावी लागते. पुस्तक काढायचे, नंबर बघायचा, नोंदवहीत बरोबरची खूण करायची. यंदा तिथे एक मुलगा येऊन उभा राहिला. सातवीतून आठवीत चाललेला. टोळीबरोबर जाऊन नुकताच आलेला. हाताला उसाच्या पाचटाचे चरे. पाचवीत असताना परिपाठाला बातम्या हा वाचायचा, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा. मी त्याला म्हटले, "तू नाव वाच, मी खूण करतो."

त्याने पहिले पुस्तक घेतले. नंबर सांगितला. नावापाशी थांबला. बोट ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. जोडाक्षराशी येऊन तो असा उभा राहिला जसा ओढ्याला पाणी आल्यावर माणूस काठाशी उभा राहतो. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, आधी येत व्हतं."

मी काही बोललो नाही. मला काय बोलता आले असते? आधी मलाही येत होते.

पडताळणी एरवी दीड दिवसाची. यंदा ती सहा दिवस चालली. रोज दुपारी तो येई, कपाटातली पुस्तके एकेक करून नाव, लेखक, नंबर मोठ्याने वाची, आणि मी खूण करी. पहिल्या दिवशी चाळीस झाली. तिसऱ्या दिवशी शंभराच्या वर. अधूनमधून एखादे नाव त्याला आवडे आणि तो विचारी, "ह्यात काय हाय?" मग मला सांगावे लागे. किती तरी पुस्तके अशी निघाली की जी मीच वीस वर्षांपूर्वी वाचून शाळेसाठी घ्यायला लावली होती. सांगता सांगता त्यांतले एखादे घर, एखादी बाई, एखादा पावसाळा मला पुन्हा दिसू लागे.

माझ्या पिशवीत 'स्मृतिचित्रे' होते. एकदा ते त्याच्या हाती लागले. त्याने मध्येच उघडले आणि बोट ठेवून वाचले, "रा-हु-री." आणि एकदम वर बघून हसला. "सर, राहुरीवरनंच आमची गाडी जाती!" पुस्तकात आपल्या ओळखीचे गाव छापलेले असते याचा आनंद ज्याला झाला त्याला पुढे फार समजावावे लागत नाही. त्या दिवसापासून पडताळणी झाली की आम्ही पडवीतच बसून ते वाचू लागलो. एक परिच्छेद त्याने, एक पान मी. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड आले तेव्हा तो पोट धरून हसला. टिळकांचा विसरभोळेपणा आणि हाताला येईल ते देऊन टाकणे त्याला मात्र पसंत पडले नाही. "घरात लागत नव्हतं व्हय?" तो म्हणाला. लक्ष्मीबाईंचेही काहीसे तेच म्हणणे होते, असे मी त्याला सांगितले.

त्याला एका परिच्छेदाला इतका वेळ लागे की पुढच्या शब्दाची मला वाट पाहावी लागे. पुढचा शब्द मला ठाऊक होता, तरीसुद्धा. तो अडला की मी गप्प राही, आणि त्या गप्प बसण्यात मला तो शब्द दिसू लागे, एरवी एस. टी.तून दिसणारी बाभूळ गाडी थांबल्यावर दिसते तशी, काट्यांसकट, पिवळ्या फुलांसकट. गिलावा कसा आहे ते पाहायचे मला त्या पंधरा दिवसांत एकदाही सुचले नाही. सातवे पान कधी गेले तेही समजले नाही. पडवीत पत्र्याखाली ऊन मी म्हणत होते. घरी गच्चीवर कुरडया वाळत होत्या, आणि त्या राखायला मी घरी नाही म्हणून सौभाग्यवतींचा आवाज दोन घरे ओलांडून येत होता.

मृग लागला तेव्हा यादीतल्या एकवीस पुस्तकांपैकी अर्धे झाले होते, आणि यादीबाहेरचे एक पूर्ण. कन्येला मी हे आकडे आपणहून सांगितले. तिने बराच वेळ विचार करून पासापुरते गुण दिले. वाचन परत आले, असा डंका मी पिटणार नाही. रात्री अजून छताकडे बघणे होते. पण एक्क्याण्णवावे पान लिहून झाले आहे, आणि त्यानंतरचीही काही.

मुलाचे मात्र तितके सोपे नाही. या वर्षी तो तेरा पुरे करील. त्याच्या वडिलांना मी भाद्रपदात भेटलो. मुख्याध्यापकही बरोबर होते. गृहस्थ फार अदबीने बोलले. पोराला गावी ठेवायचे तर आजीजवळ; आजीला स्वतःचेच होत नाही. हंगामी वसतिगृह आमच्या गावी कधी चालू होते, कधी नसते, आणि टोळी त्याची वाट बघत थांबत नाही. धाकटी बहीण दोन वर्षांची. आईबाप फडात गेल्यावर कोपीत तिच्याजवळ कोण बसणार? "सर, उचल घेतलीय," एवढे वाक्य त्यांनी शेवटी हळूच सांगितले, आणि मग कोणालाच काही बोलायचे उरले नाही. मुलाच्या दप्तरात शिक्षण हमी कार्ड आहे. ज्या गावी टोळी उतरेल तिथल्या शाळेने त्याला ते पाहून बसवून घ्यावे, असा नियम आहे. कोपीपासून ती शाळा किती लांब असेल ते गाडी पोचल्यावर कळेल.

आमच्याकडे पद्धत अशी की टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांना पुस्तक द्यायचे नाही, कारण ते परत येईलच याची खात्री नसते. सात दिवसांच्या बोलीवर पुस्तक जाते, सात दिवसांनी परत येते. नियम माझ्या आधीचा आहे. पितृपक्षात तो मुलगा पडवीत आला. नंतर गडबड असते म्हणून आधीच आलो म्हणाला. 'स्मृतिचित्रे'ची वाचनालयाची प्रत तर मी केव्हाच नगरला पोचती केली होती. पण मधल्या काळात शाळेसाठी एक विकत आणली होती आणि तिच्यावर साठ्याचा नंबर टाकला होता. ती मी कपाटातून काढली. तिला खाकी कव्हर घातले आणि त्यावर बोरूने त्याचे नाव लिहिले, वेलबुट्टी मात्र गाळली. फडात ती कोणी बघणार नव्हते.

नोंदवही त्याच्यापुढे सरकवली. नंबर, पुस्तकाचे नाव, इयत्ता, सही, हे सगळे त्याने सावकाश, जोडाक्षरांसकट भरले. परतीच्या तारखेच्या रकान्याशी येऊन तो थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. मी म्हटले, "तुला जमेल ते लिही."

त्याने पेनचे टोपण दातांत धरून थोडा विचार केला, आणि त्या एवढ्याशा चौकोनात मावावे म्हणून बारीक अक्षरात लिहिले, "कारखाना बंद झाल्यावर."